लॉगबुकातील तास आणि त्यांचे साक्षीदार

वैमानिकाच्या नोकरीचा अर्ज भरताना त्यातील बहुतेक रकान्यांना कोणते ना कोणते कार्यालय जबाबदार असते. परवाना आणि वैद्यकीय तपासणीचा निकाल नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. बारावीची गुणपत्रिका शिक्षण मंडळ देते. चारित्र्याचा दाखला पोलीस देतात. उड्डाणाचे तास मात्र ज्याने विमान चालवले त्यानेच स्वतःच्या हाताने लॉगबुकात लिहिलेले असतात, आणि नोकरी मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरते. २०२४ साली एका भारतीय विमान कंपनीत कनिष्ठ सहवैमानिक म्हणून माझी प्राथमिक निवड झाली. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील चाचणी आणि मुलाखत हे टप्पे रीतसर आणि लवकर पार पडले. त्यानंतरची तासांची पडताळणी मात्र कित्येक आठवडे चालली. तिच्याबद्दल आमच्या क्षेत्रात फारसे कोणी सविस्तर लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या बाबतीत ती लांबण्याचे एक कारण म्हणजे माझे तास दोन देशांत विभागलेले होते. मी मूळची सांगलीची. सुरुवातीचे प्रशिक्षण मी भारतातील एका फ्लाइंग स्कूलमध्ये घेतले. तिथे विमाने कमी, विद्यार्थी जास्त आणि पावसाळ्यात उड्डाणे जवळजवळ ठप्प, अशी स्थिती होती. एक विमान सुट्या भागांअभावी हँगरमध्येच पडून राहिले, तेव्हा घरच्यांशी बोलून मी उरलेले प्रशिक्षण अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टनजवळ पूर्ण केले आणि परत येऊन तिथल्या परवान्याच्या आधारे भारतीय व्यावसायिक परवाना घेतला. त्यासाठी डीजीसीएने अमेरिकेच्या एफएएकडे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाकडे, माझ्या परवान्याची खातरजमा केलीच होती. त्यामुळे कंपनीला आता आणखी काय तपासायचे आहे, असा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला पहिल्याच बैठकीत मिळाले. एफएए एवढेच सांगते की या व्यक्तीला आम्ही हा परवाना दिला आहे. तिने कोणत्या दिवशी कोणते विमान किती वेळ चालवले, याची वही एफएएकडे नसते. परवाना खरा असणे आणि तास खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनीला दुसरी तपासायची होती.

एवढी कसून तपासणी करण्यामागे इतिहास आहे. जानेवारी २०११ मध्ये एका खासगी कंपनीचे एअरबस ३२० विमान गोव्यात मागच्या मुख्य चाकांऐवजी पुढच्या चाकावर उतरवले गेले. त्याची चौकशी करताना संबंधित वैमानिकाने वरच्या परवान्यासाठी सादर केलेली गुणपत्रिकाच बनावट असल्याचे निघाले. मग डीजीसीएने इतर वैमानिकांचीही कागदपत्रे पुन्हा तपासायला घेतली आणि आणखी प्रकरणे बाहेर आली. त्याच वर्षी राजस्थानातील एका फ्लाइंग स्कूलमध्ये न उडालेल्या तासांची नोंद करून दिल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पाकिस्तानात तर मे २०२० मधील कराचीच्या अपघातानंतर तिथल्या विमान वाहतूक मंत्र्यांनी जूनमध्ये संसदेत सांगितले की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. काहींच्या परीक्षेची तारीख चक्क सार्वजनिक सुट्टीची होती. युरोपीय संघाच्या सुरक्षा संस्थेने १ जुलै २०२० पासून पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीला बंदी घातली आणि ती उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. व्हिएतनामसारख्या देशांनी पाकिस्तानी परवाना असलेल्या वैमानिकांना सरसकट जमिनीवर बसवले. त्या यादीतील पुष्कळ जणांचे परवाने पुढे खरे निघाले, पण तोवर त्यांचे जे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील लक्षात ठेवण्याजोगा भाग हाच आहे: खोट्या नोंदींचा भुर्दंड ज्यांच्या नोंदी खऱ्या आहेत त्यांनाच आधी भरावा लागतो, कारण खरे असल्याचा पुरावा त्यांच्याकडेही तयार नसतो.

माझी पडताळणी करणारे अधिकारी हवाई दलातून निवृत्त झालेले होते. त्यांच्याशी माझे बोलणे मराठीतच होत असे, आणि ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत 'अहो मॅडम' म्हणत राहिले, माझ्या वडिलांच्या वयाचे असूनही. त्यांनी प्रथम मला एक तक्ता भरायला दिला. त्यात लॉगबुकातील प्रत्येक उड्डाणाची एक ओळ होती आणि तीत दिनांक, विमानाचा नोंदणी क्रमांक, निघण्याची व पोहोचण्याची वेळ, मार्ग, प्रशिक्षक सोबत होता की मी एकटी होते, दिवस की रात्र, एवढे भरायचे होते. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, द्यायच्या होत्या. सोबत एक प्रतिज्ञापत्र होते, ज्यात एकही नोंद जाणूनबुजून खोटी आढळली तर निवड कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल असे कलम होते, आणि दोन्ही फ्लाइंग स्कूलशी परस्पर संपर्क साधायला मी संमती देत असल्याचे पत्रही होते. मग सरांनी सांगितले की माझ्या लॉगबुकाकडे ते पुरावा म्हणून पाहणारच नाहीत. लॉगबुक हा दावा आहे. सातबाऱ्यावरील नावामागे फेरफाराचा क्रमांक लागतो, तसा प्रत्येक तासामागे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कारणासाठी ठेवलेला कागद त्यांना हवा होता.

'दुसऱ्या कारणासाठी' या शब्दांवर त्यांचा सगळा भर होता, आणि तो का, हे हळूहळू माझ्या लक्षात आले. मी प्रथम अमेरिकेतील स्कूलची बिले पुढे केली. बाबांनी शैक्षणिक कर्ज काढले होते आणि प्रत्येक हप्ता सोडण्यापूर्वी बँक महिन्याचे बिल मागत असल्याने ती सगळी सांगलीत एका फाइलमध्ये क्रमाने लावलेली होती. सरांनी ती पाहिली आणि बाजूला ठेवली. जिथे तास विकले जातात, तिथे न उडालेल्या तासांचेही पैसे भरलेले असतात आणि त्याचीही पावती असते, असे ते म्हणाले. याउलट विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक इंजिनाच्या वहीत जो आकडा लिहितो, तो विद्यार्थ्याचे तास भरावेत म्हणून लिहीत नाही. पुढची तपासणी कधी करायची हे ठरवण्यासाठी लिहितो. तो आकडा फुगवला तर तपासणी लवकर येते आणि मालकाचा खर्च वाढतो. म्हणून विमानाची वही वैमानिकाच्या वहीपेक्षा जास्त विश्वासार्ह ठरते.

त्यांच्या पद्धतीत प्रत्येक ओळीला तीन प्रश्न होते. ते विमान त्या वेळी खरोखर हवेत होते का? मी त्यात होते का? आणि असल्यास त्याची सूत्रे माझ्याकडे होती का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्यूस्टनच्या बाबतीत सोपे निघाले. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत अशा मोठ्या विमानतळांच्या परिसरात उडणाऱ्या विमानांना स्वतःचे स्थान सतत प्रसारित करणारे एडीएस-बी उपकरण बंधनकारक आहे आणि ते संकेत टिपून साठवणारी संकेतस्थळे आहेत. विमानाचा क्रमांक टाकला की त्या दिवसाचा मार्ग, उंची आणि वेळ समोर येते. माझ्या ओळींपैकी बऱ्याच ओळी अशा रीतीने जुळल्या. मला वाटले, काम झाले. सरांनी शांतपणे सांगितले की यावरून विमान उडाले एवढेच कळते.

दुसरा आणि तिसरा प्रश्न अवघड होता, आणि त्यात दोन देशांच्या रीतींमधील एक फरक आडवा आला. भारतात लॉगबुकातील तासांवर फ्लाइंग स्कूलचे प्रमुख प्रशिक्षक सही करून ते प्रमाणित करतात. अमेरिकेत प्रशिक्षक सोबत असेल त्या उड्डाणाखाली तो आपल्या परवान्याच्या क्रमांकासह सही करतो. पण खासगी परवाना मिळाल्यानंतर तुम्ही एकट्याने केलेल्या उड्डाणाखाली कोणीही सही करत नाही, कारण नियमच ती मागत नाही. भारतीय व्यावसायिक परवान्याला एकूण २०० तास लागतात आणि त्यांतले १०० विमानाचे प्रमुख म्हणून, म्हणजे पीआयसी म्हणून, असावे लागतात. ज्या तासांना सर्वांत जास्त किंमत होती, नेमक्या त्याच ओळी माझ्या वहीत कोणाच्याही सहीविना होत्या. भारतीय डोळ्यांना ते पान संशयास्पद दिसणे स्वाभाविक होते, याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यावर सरांनी लांब पल्ल्याच्या एकट्याने केलेल्या उड्डाणांची निवड केली. अमेरिकेच्या व्यावसायिक परवान्यासाठी असे एक उड्डाण करावे लागते, ज्यात निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत किमान २५० सागरी मैलांवरील विमानतळावर उतरायचे असते. मी त्यासाठी न्यू ऑर्लीन्सचा लेकफ्रंट विमानतळ निवडला होता आणि वाटेत लुइझियानात एक थांबा घेतला होता. सरांनी तक्त्याकडे न पाहता मला त्या उड्डाणाबद्दल विचारायला सुरुवात केली. धावपट्टीच्या कोणत्या बाजूला पाणी होते, इंधन कुठे घेतले, परतताना वारा कुठून होता, नियंत्रण कक्षाने कोणत्या धावपट्टीवर उतरवले. मी पाँचरट्रेन सरोवराच्या काठावरील धावपट्टी, १९३० च्या दशकातील ती जुनी देखणी टर्मिनल इमारत, सरोवरावरून येणारा आडवा वारा, सगळे सांगितले. ते म्हणाले की वर्णन उत्तम आहे, पण ते छायाचित्रे पाहूनही करता येते. वाऱ्याबद्दल मी जे सांगितले ते मात्र त्या दिवशीच्या हवामान नोंदीशी जुळते का, हे त्यांनी लगेच काढून पाहिले. जुळले. शिवाय इंधनाची पावती होती, तिच्यावर विमानाचा क्रमांक होता आणि पैसे माझ्या कार्डावरून गेले होते. स्कूलच्या डिस्पॅच नोंदीत, म्हणजे कोणते विमान कधी कोणाकडे दिले याच्या नोंदीत, विमान माझ्या एकटीच्या नावावर सोडलेले होते. हे तीन कागद तीन वेगवेगळ्या लोकांनी ठेवले होते आणि त्यांपैकी कोणालाही माझ्या नोकरीशी देणेघेणे नव्हते. माझ्या आयपॅडमधील मार्गाची नोंद त्यांनी फक्त पूरक म्हणून घेतली, कारण ती माझ्याच ताब्यात होती.

सर्वांत जास्त वेळ एका ओळीने घेतला. नोव्हेंबरातील रात्रीचे स्थानिक उड्डाण, जेमतेम पावणेदोन तासांचे. सरांनी त्यावर लाल खूण केली होती आणि शेरा होता की त्या तारखेला हे विमान शंभर तासांच्या तपासणीसाठी हँगरमध्ये होते. विमान उघडलेले असताना ते उडवल्याची नोंद म्हणजे खोट्या लॉगबुकाची शाळेतील उदाहरणासारखी खूण. मेकॅनिकच्या वहीची प्रत समोर होती, तारीख स्पष्ट होती. मी त्यांच्यासमोर माझे मूळ लॉगबुक उघडले, तर तिथे आदल्या दिवसाची तारीख होती. मग उलगडा झाला. अमेरिकेत लॉगबुक स्थानिक तारखेने लिहितात. नोव्हेंबरमध्ये घड्याळे मागे गेल्यावर ह्यूस्टन यूटीसीच्या सहा तास मागे असते, त्यामुळे तिथे संध्याकाळचे सहा वाजले की यूटीसीमध्ये दुसरा दिवस लागतो. माझे उड्डाण अंधार पडल्यावरचे, साडेसहानंतरचे होते. तक्त्यात मागितल्याप्रमाणे वेळ यूटीसीमध्ये दिल्यामुळे तारीख एका दिवसाने पुढे सरकली होती, आणि मेकॅनिकची तारीख मात्र स्थानिक होती.

सरांनी हा खुलासा ऐकून घेतला, पण तेवढ्यावर लाल खूण पुसली नाही, आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर वाटू लागला तो इथेच. सेस्ना १७२ या आमच्या प्रशिक्षणाच्या विमानात वेळेचे दोन मापक असतात. हॉब्ज मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळाप्रमाणे चालतो आणि त्यावर भाडे आकारतात. टॅकोमीटरचा आकडा इंजिनाच्या फेऱ्यांनुसार सरकतो, म्हणून जमिनीवर रेंगाळताना तो हळू चालतो, आणि देखभाल बहुधा त्यावर मोजतात. त्यांनी स्कूलकडून त्या रात्रीचे डिस्पॅचचे पान मागवले. मी विमान परत करताना टॅकोमीटरचा जो आकडा लिहिला होता, तोच आकडा, दशांशासह, दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकने तपासणी सुरू करताना लिहिला होता. म्हणजे माझ्या उड्डाणानंतर विमान थेट हँगरमध्ये गेले होते. ज्या कागदाने मला खोटे ठरवले होते, तोच माझा सर्वांत पक्का साक्षीदार ठरला. याच दोन मापकांमुळे माझे तास आणि इंजिनाचे तास यांत सर्वत्र थोडे अंतर दिसत होते. ते अंतर असणेच योग्य आहे, असे सर म्हणाले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेली वही पाहिली की ते जास्त बारकाईने बघतात, कारण ती बहुधा एका बैठकीत बसून लिहिलेली असते.

माझ्यासोबतच्या काही मुलांना वेगळ्याच मुद्द्याने अडचण आली. अमेरिकेत एक वैमानिक डोळ्यांवर पडदा लावून केवळ उपकरणांवर उड्डाणाचा सराव करत असेल तर शेजारी बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक लागतो, आणि तिथल्या नियमांच्या विशिष्ट अटींमध्ये तो दुसराही तोच वेळ पीआयसी म्हणून नोंदवू शकतो. पैसे वाचवण्यासाठी दोघे मिळून विमान घेतात आणि दोघांच्याही वह्यांत तास चढतात. तिथे ते कायदेशीर आहे. पण एकच विमान, एकच वेळ आणि दोन प्रमुख, हे चित्र भारतात तपासणाऱ्याला बनावट नोंदीचे वाटते. माझ्या वहीत अशी उड्डाणे होती, पण तक्त्यात मी ती वेगळ्या रकान्यात दाखवली होती आणि पीआयसीच्या बेरजेत धरली नव्हती. विमान हाताळणे आणि विमान हाताळणाऱ्याच्या शेजारी बसणे यांना एकच किंमत लावणे मला कधी पटले नाही, मग नियम काहीही म्हणो. कंपनीनेही कोणाचेच असे तास पीआयसीमध्ये धरले नाहीत. ज्या मुलांची बेरीज अशा तासांवर अवलंबून होती, त्यांनी ते तास लपवले नव्हते, हे सरांनी आपल्या अहवालात स्वतंत्रपणे लिहिले, असे मला नंतर कळले.

अर्जात तासांच्या पलीकडचा एक प्रश्न होता: आजवर कोणत्याही चाचणीत नापास झाला आहात का? नाशिकच्या माझ्या एका मित्राला उपकरण उड्डाणाची चाचणी दोनदा द्यावी लागली होती आणि हे लिहावे की नाही यावर आमच्या व्हॉट्सॲप गटात बरीच चर्चा झाली. बहुतेकांचा सल्ला न लिहिण्याचा होता. मी लिही म्हणाले, आणि त्याचे कारण ह्यूस्टनमध्ये माझ्या प्रशिक्षकाने मला दाखवलेले पाणी होते. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी ॲटलस एअरचे बोइंग ७६७ मालवाहू विमान ह्यूस्टनकडे उतरत असताना ट्रिनिटी उपसागरात कोसळले आणि त्यातील तिघे मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघाले की सहवैमानिकाने आधीच्या नोकऱ्यांमधील प्रशिक्षणातील अपयश अर्जात सांगितले नव्हते, आणि ते शोधून काढण्याची कंपनीची व्यवस्था अपुरी होती. त्याच्या दहा वर्षे आधी, फेब्रुवारी २००९ मध्ये, बफेलोजवळ कोल्गन एअरच्या अपघातात ५० माणसे गेली, तेव्हाही कॅप्टनने आधीची सगळी अपयशे सांगितलेली नव्हती. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने वैमानिकांच्या नोंदींचा एकत्रित कोश तयार करायला सांगितले. त्याचा अंतिम नियम यायला २०२१ उजाडले. माझ्या मित्राने नापास झाल्याचे लिहिले. मुलाखतीत त्याला चूक कुठे झाली आणि दुसऱ्या वेळी काय बदलले एवढेच विचारले गेले. तो आता त्याच कंपनीत आहे.

शेवटी राहिले ते भारतातील सुरुवातीचे तास, आणि मला तिथेच हार मानावी लागेल असे वाटले नव्हते. ते फ्लाइंग स्कूल आता बंद आहे. माझ्या वहीत प्रमुख प्रशिक्षकांची सही आणि शिक्का आहे, जी अमेरिकेतील पानांवर नव्हती. पण सहीमागचे काहीच उभे राहीना. तिथल्या धावपट्टीवर सरकारी नियंत्रण कक्ष नव्हता, विमानांच्या ये-जा करण्याची नोंदवही स्कूलच ठेवत असे, आणि ती कुठे आहे हे कोणाला सांगता येत नव्हते. विमान विकले गेले होते आणि नव्या मालकाकडे इंजिनाची वही होती, परंतु रोजच्या उड्डाणांची जुनी पाने नव्हती. ते प्रशिक्षक दुसऱ्या राज्यात नोकरीला लागले आहेत. त्यांनी फोनवर मला ओळखले, प्रेमाने बोलले आणि पत्रही दिले. सरांनी ते पत्र फाइलला लावले, पण ज्याने मूळ सही केली त्याचेच ते दुसरे म्हणणे आहे, असा शेरा मारला. भारतातील ज्या पानांवर सही-शिक्का होता ती न टिकावीत आणि सहीविना असलेली अमेरिकेतील पाने टिकावीत, हे मला त्या वेळी अन्यायाचे वाटले. आता तितके वाटत नाही, पण पूर्ण पटलेलेही नाही, कारण ते तास मी केलेले आहेत.

केवळ अमेरिकेतील तासच २०० च्या वर असल्यामुळे माझी निवड कायम झाली. अहवालात माझे तास दोन गटांत दाखवले आहेत, एक पडताळलेले आणि दुसरे पडताळणी न होऊ शकलेले, आणि दुसऱ्या गटापुढे खोटेपणाचा कोणताही संशय नसल्याचे नमूद आहे. पुढे वरच्या परवान्यासाठी १५०० तासांची बेरीज मांडताना हा प्रश्न पुन्हा उभा राहील. कंपनीतील उड्डाणांची नोंद विमानाच्या कागदपत्रांवरून होते, त्यामुळे तिथे अडचण नाही. डीजीसीएच्या ई-लॉगबुकामुळे आताच्या विद्यार्थ्यांची नोंदही फ्लाइंग स्कूलकडून प्रमाणित होऊन वर जाते. माझ्याकडे कोणी विचारायला आले तर मी एवढेच सांगते की स्कूल सोडण्यापूर्वी डिस्पॅच नोंदीच्या आणि विमानाच्या वहीच्या आपल्या तारखांच्या पानांच्या प्रती साक्षांकित करून घ्याव्यात, कारण नंतर त्या मागायला ती संस्थाच जागेवर असेल याची खात्री नसते. त्या जुन्या विमानाच्या आधीच्या पानांसाठी मी नव्या मालकाला दुसरे पत्र पाठवले आहे, आणि तोवर कोणत्याही अर्जात एकूण तासांखाली दोन्ही गटांचे आकडे वेगळे लिहून खाली टीप जोडते.